काढा दिला नसता तर? – हिवतापाच्या वनौषधींची परीक्षा



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्याने होतात, त्यांच्या वर्गात मी तीन वर्षे बसलो. पुढे औषधनिर्माणशास्त्र हा माझ्या अध्यापनाचा विषय झाला, त्याचे मूळही त्या वर्गातच आहे. आजच्या विषयाची निवड करताना मला फारसा विचार करावा लागला नाही. सरांनी आमच्या घरी येऊन एकदा एक प्रश्न विचारला होता. त्या एका प्रश्नाचा इतिहास मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

प्रसंग १९५२ सालचा. तेव्हा हैदराबाद हे राज्य होते आणि मराठवाड्याचे जिल्हे त्यातच होते. पावसाळा संपता संपता माझा धाकटा भाऊ आजीबरोबर परभणीकडच्या आमच्या गावाहून परतला आणि आठवड्याभरात त्याला हुडहुडी भरून ताप आला. दुसऱ्या दिवशी तो अंगणात खेळत होता. तिसऱ्या दिवशी पुन्हा थंडी, पुन्हा ताप, मग दरदरून घाम. आजीने एका शब्दात निदान केले, "एकांतरा." बेगमबाजारातील अत्ताराकडून सातविणीची साल, काडेचिराईत आणि कुटकी आली. शुक्रवारी संध्याकाळी पहिला काढा पोटात गेला. शनिवारी ताप नव्हता. घरात समाधान पसरले. रविवारी ताप आला तेव्हा आजी म्हणाली की तो जाताना एकदा उसळतोच.

सोमवारी सर भावाची चौकशी करायला आले. त्यांनी आईला तापाचे दिवस आणि वेळा विचारल्या, माझ्या वहीतला आलेखाचा कागद मागून घेतला आणि त्यावर पेन्सिलीने खुणा केल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार, रविवार या दिवशी वर आणि मधल्या दिवशी खाली. मग अत्यंत आदराने ते आजीला म्हणाले, "आजी, शनिवारी ताप नव्हता हे खरे. पण तो मंगळवारीही नव्हता, गुरुवारीही नव्हता. तेव्हा तर काढा घरात आलेला नव्हता. काढा दिला नसता तर शनिवारी काय झाले असते?"

आजी म्हणाली, "मास्तर, पोराला बरं वाटतंय ना, मग झालं." मला तेव्हा आजीचेच म्हणणे पटले होते, हे कबूल करतो.

त्याच आठवड्यात सरांच्या आग्रहाने भावाचे रक्त तपासले गेले आणि त्यात हिवतापाचे जंतू सापडले. गोळ्या सुरू झाल्या आणि ताप गेला. तो प्रकार सौम्य होता म्हणून आठवडा वाया गेला तरी निभावले. हिवतापाचा जो घातक प्रकार आहे, प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम या परजीवीचा, त्यात तो आठवडा मिळत नाही. मेंदूवर परिणाम होऊन दोन-चार दिवसांत माणूस जाऊ शकतो. तेव्हा 'बरं वाटतंय' आणि 'बरा झाला' यांतील अंतर हा शब्दच्छल नव्हे.

आपल्या वैद्यकाने या तापाचे निरीक्षण किती बारकाईने केले होते, हे प्रथम सांगितले पाहिजे. चरकसंहितेत विषमज्वराचे संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक आणि चतुर्थक असे पाच प्रकार दिले आहेत. रोज येणारा तो अन्येद्युष्क, तिसऱ्या दिवशी येणारा तो तृतीयक, चौथ्या दिवशी येणारा तो चतुर्थक. आज आपल्याला माहीत आहे की प्लाझ्मोडियम वायव्हॅक्स हा परजीवी तांबड्या पेशींत वाढून सुमारे ४८ तासांनी त्या फोडून बाहेर पडतो आणि प्लाझ्मोडियम मलेरी हा ७२ तासांनी. पेशी फुटतात तेव्हा ताप चढतो. प्राचीनांनी केवळ दिवस मोजून जे ओळखले, त्याचे कारण असे निघाले. परंतु याच नियमितपणात औषधाची परीक्षा करणाऱ्यासाठी एक सापळा दडलेला आहे. जो ताप आपणहून उतरतो, त्यावर दिलेले कोणतेही औषध लागू पडल्यासारखे दिसते. शिवाय ज्याला पूर्वी अनेकदा हिवताप झाला आहे त्याचे शरीर काही प्रमाणात स्वतःच परजीवींना आवरते.

या सापळ्यात केवळ आजीबाई सापडल्या असे नाही. पेरूकडील सिंकोनाची साल सतराव्या शतकात युरोपात पोहोचली, १८२० साली पेलेतिए आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनज्ञांनी तिच्यातून क्विनाईन वेगळे केले, आणि १८६० नंतर क्लेमेंट्स मार्कहॅम यांच्या खटपटीने निलगिरीच्या उतारांवर सिंकोनाची लागवड सुरू झाली. आपल्या वडिलधाऱ्यांनी ज्याला कोयनेल म्हटले ते हेच. या सालीत क्विनाईनखेरीज आणखी तीन प्रमुख अल्कलॉइडे असतात. ती क्विनाईनइतकीच गुणकारी आहेत काय, हे पाहण्यासाठी १८६६ ते १८६८ या काळात मद्रासमध्ये सुमारे ३६०० रुग्णांवर चारही द्रव्यांची परीक्षा झाली. निष्कर्ष असा की चारही सारखीच, आणि गुण येण्याचे प्रमाण ९८ टक्क्यांहून अधिक. त्या काळाच्या मानाने ही परीक्षा मोठी होती आणि तिचा निष्कर्ष पुष्कळसा बरोबरही होता. पण गुण आला म्हणजे काय, तर तापाची पाळी थांबली. याहून वेगळे काही पाहण्याचे साधनच तेव्हा कोणाजवळ नव्हते.

म्हणूनच त्याच काळात सातविणीलाही क्विनाईनच्या पंक्तीला बसवले गेले. सातवीण म्हणजे सप्तपर्णी. शरदात जिचा वास रात्री रस्ता अडवतो, ती. फिलिपिन्समध्ये तिला 'दिता' म्हणतात. मनिला येथील एका औषधविक्रेत्याने तिच्या सालीतून 'दिताईन' नावाचे द्रव्य काढले आणि ते क्विनाईनच्या तोडीचे असल्याचे जाहीर झाले. १८६८ च्या 'फार्माकोपिया ऑफ इंडिया' या सरकारमान्य ग्रंथात सातविणीची साल आली. सागरगोटाही आला. हा सागरगोटा आपल्या मुली खेळायला घेतात तोच; हकीम मंडळी त्याला करंजवा म्हणतात आणि इंग्रजांनी त्याचे नाव तापाची बी असे ठेवले होते.

साधन मिळाले ते पुढे, आणि त्यातील एक महत्त्वाचा टप्पा आपल्या शहराच्या वेशीवर घडला. १८८० साली आल्जेरियात लाव्हेराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरांनी रुग्णाच्या रक्तात परजीवी पाहिला होता. हैदराबादेत त्या काळी रेसिडेन्सी सर्जन होते एडवर्ड लॉरी. क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेविषयी १८८८ आणि १८८९ साली येथे दोन आयोग बसवून त्यांनी हैदराबादचे नाव वैद्यकाच्या जगात गाजवले होते. गंमत अशी की या कर्तबगार गृहस्थांना लाव्हेराँचा परजीवी मुळीच मान्य नव्हता. आणि त्यांच्यापासून काही मैलांवर, सिकंदराबादेच्या छावणीत, १९ व्या मद्रास पलटणीचे डॉक्टर रोनाल्ड रॉस तोच परजीवी डासांच्या पोटात शोधत होते.

रॉस यांची गोष्ट आपण सर्व जण जाणतो. या शाळेतून बेगमपेठची सहल निघत असे. म्हणून थोडक्यात सांगतो. १८९७ च्या उन्हाळ्यात ते निलगिरीच्या पायथ्याशी गेले असता त्यांना स्वतःलाच हिवताप झाला आणि क्विनाईन घेऊन ते बरे झाले. जूनमध्ये ते सिकंदराबादेला परतले. उकाडा भयंकर, पण पंखा ओढला तर डासांचे बारीक तुकडे उडून जातील म्हणून पंखा बंद. कपाळाच्या घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते. हुसेन खान नावाच्या रुग्णाला त्यांनी ठिपकेदार पंखांचे दहा डास चावू दिले आणि प्रत्येक डासाचा एक आणा याप्रमाणे दहा आणे दिले. २० ऑगस्ट १८९७ रोजी त्यांतील एका डासाच्या जठराच्या भिंतीत त्यांना काळसर रंगकण असलेल्या गोल पेशी दिसल्या. ते निवेदन त्याच वर्षी डिसेंबरात 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९०२ साली रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दहा आणे घेणाऱ्या हुसेन खानाचे नाव इतिहासात राहिले, एवढे तरी बरे झाले.

वनौषधींच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे काम रॉस यांनी पुढच्या वर्षी कलकत्त्यास केले. तेथे हिवतापाचे रुग्ण मिळेनात, म्हणून ते पक्ष्यांच्या हिवतापाकडे वळले आणि परजीवीचे संपूर्ण चक्र त्यांनी पक्ष्यांमध्ये सिद्ध केले. आता माणसाला धोक्यात न घालता औषध तपासण्याची वाट मोकळी झाली. १९२० च्या दशकात जर्मनीतील रोएल यांनी कॅनरी पक्ष्यांना परजीवीची लागण करून त्यांच्यावर औषधे तपासण्याची पद्धत बसवली. त्यातून पहिले कृत्रिम हिवतापविरोधी औषध, प्लाझ्मोक्विन, बाहेर आले. दुसऱ्या महायुद्धात जावा बेट जपान्यांच्या हाती गेले, जगाचे क्विनाईन तुटले, आणि अमेरिकेत वनस्पतींचा मोठा शोध सुरू झाला. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सहाशेहून अधिक वनस्पतींचे अर्क कोंबडीच्या व बदकाच्या पिलांवर तपासलेले होते.

आपल्याकडे हे काम कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांनी आरंभले. त्यांचा 'इंडिजिनस ड्रग्ज ऑफ इंडिया' हा ग्रंथ १९३३ चा. चोप्रा देशी औषधांचे शत्रू नव्हते. स्वस्त, देशात मिळणारे औषध गरिबाच्या हाती पडावे हीच त्यांची तळमळ होती. म्हणूनच सातविणीविषयी त्यांनी दिलेला प्रतिकूल निर्णय मला मोलाचा वाटतो. हिवतापाच्या परजीवीवर तिचा परिणाम दिसत नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज आहे. त्या काळात असे लिहिणे सोपे नव्हते.

आता परीक्षा करतात कशी, हे आपल्यातील तरुणांसाठी सांगतो. १९४८ साली आफ्रिकेतील रानउंदरांत हिवतापाचा एक परजीवी सापडला, तेव्हापासून पक्ष्यांची जागा उंदरांनी घेतली. उंदराला लागण करायची, चार दिवस अर्क द्यायचा, पाचव्या दिवशी शेपटीच्या रक्ताचा थेंब काचेवर पसरून किती पेशींत परजीवी आहेत ते मोजायचे. शेजारच्या पिंजऱ्यात असे उंदीर ठेवायचे की ज्यांना लागण आहे, पण अर्क दिलेला नाही. तो शेजारचा पिंजरा म्हणजेच सरांचा प्रश्न. पुढे १९७६ साली न्यूयॉर्कमध्ये ट्रेगर आणि जेन्सन यांनी माणसाचा फाल्सिपेरम परजीवी बशीत वाढवण्यात यश मिळवले. त्यांची युक्ती एखाद्या खेड्यातल्या शाळेलाही परवडावी अशी होती: झाकणाच्या काचपात्रात बशा ठेवायच्या, आत मेणबत्ती पेटवायची आणि ती विझली की झडप बंद करायची. प्राणवायू कमी झाला की परजीवी सुखाने वाढतो. मग अर्क थेंबाथेंबाने वाढवत, किती मात्रेला वाढ निम्मी होते ते पाहायचे.

येथे एक इशारा देतो, कारण वर्तमानपत्रांत वरचेवर बातमी येते की अमुक पाल्याने हिवतापाचा जंतू मेला. बशीत पुष्कळ गोष्टींनी पुष्कळ काही मरते. कडुनिंबातील गेड्युनिन हे द्रव्य बशीत परजीवीला चांगले मारते. उंदराला दिले तर तो गुण फारसा उतरत नाही. पोटातून रक्तात पोहोचेपर्यंत द्रव्याचे काय होते, हा प्रश्न बशी विचारत नाही. हळदीतील कर्क्युमिनविषयी बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गोविंदराजन पद्मनाभन यांच्या गटाने २००५ साली उत्साहवर्धक प्रयोग प्रसिद्ध केले. बशीत आणि उंदरांत दोन्हीकडे परिणाम दिसला. पण माणसात तोंडावाटे घेतलेले कर्क्युमिन रक्तात अत्यल्प उतरते, ही अडचण तेथेही आहेच.

उलट बाजूची चूकही तितकीच शक्य आहे, आणि ती आम्हा प्रयोगशाळेतल्या लोकांची. चीनमध्ये १९६७ साली २३ मे रोजी हिवतापाच्या औषधासाठी एक गुप्त प्रकल्प सुरू झाला. त्या तारखेवरून त्याचे नाव 'प्रकल्प ५२३'. त्यात काम करणाऱ्या तू यूयू यांनी छिंगहाव या वनस्पतीचे अर्क उंदरांवर तपासले. गुण कधी दिसे, कधी नाही. तेव्हा चौथ्या शतकातील गे होंग याच्या ग्रंथातील एका ओळीकडे त्यांचे लक्ष गेले: वनस्पती पाण्यात भिजवून पिळावी आणि तो रस प्यावा, असे तेथे सांगितले होते. उकळायचा उल्लेखच नव्हता. उष्णतेने द्रव्य नष्ट होत असावे हे ओळखून त्यांनी कमी तापमानाला उकळणारे ईथर वापरले. ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांतील परजीवी पूर्णपणे नाहीसे केले. त्यातून आर्टेमिसिनिन मिळाले आणि २०१५ साली तू यूयू यांना नोबेल पारितोषिक. आपल्या देशात त्याच वनस्पतीची लागवड करून लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने आर्टिईथर हे इंजेक्शन सिद्ध केले. आपल्याकडे 'काढा' म्हटले की आठास एक उरेपर्यंत आटवण्याची सवय. आजवर 'निरुपयोगी' ठरवलेल्या अर्कांपैकी किती चुलीवरच वाया गेले असतील, कोणास ठाऊक.

आता सातविणीकडे परत येतो. १९९० साली चंदीगडच्या दोन संशोधकांनी तिच्या सालीचे अर्क हिवतापग्रस्त उंदरांना दिले. परजीवींची संख्या काही कमी झाली नाही. मात्र मिथेनॉलचा अर्क मिळालेल्या उंदरांची प्रकृती इतरांपेक्षा बरी राहिली आणि ते उशिरा मेले. हे निवेदन मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिलो. आजी आणि सर, दोघेही बरोबर होते! साल रुग्णाला खरोखरच काही तरी देते. परजीवीला मात्र ती मारत नाही. उंदीर उशिरा मेले, पण मेलेच.

हाच प्रश्न माणसांत विचारला गेला तो 'आयुष-६४' या औषधाच्या निमित्ताने. केंद्रीय आयुर्वेद संशोधन परिषदेने हिवतापासाठी सिद्ध केलेल्या या गोळीत सातविणीची साल, कुटकी, किराईत आणि सागरगोटा अशी चार द्रव्ये आहेत. बेगमबाजारातून आमच्या घरी आलेल्या पुडीत सागरगोटा नव्हता, बाकी तिन्ही होती. दिल्लीत हिवताप संशोधन केंद्राच्या वैज्ञानिकांनी वायव्हॅक्सच्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला आयुष-६४, दुसऱ्याला क्लोरोक्विन, आणि २८ दिवस रक्ताची तपासणी. २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. क्लोरोक्विन घेतलेले सगळे बरे झाले होते. आयुष-६४ घेतलेल्यांपैकी जवळपास निम्मे.

हे 'निम्मे' कसे वाचावे यावर मी अनेकांशी वाद घातला आहे. वैद्य मित्र म्हणतात की निम्मे बरे झाले म्हणजे गुण आहे. असेलही. परंतु काहीच न दिलेला तिसरा गट त्या परीक्षेत नव्हता, आणि नसावाच. हिवताप झालेल्या माणसाला औषधाविना ठेवणे अधर्म आहे. तेव्हा त्या निम्म्यांतले किती गोळीने बरे झाले आणि किती स्वतःच्या शरीराने, हे सांगता येत नाही. एवढे मात्र निश्चित की ज्यांचे परजीवी गेले नाहीत त्यांना ते रक्त तपासल्यामुळेच कळले, आणि त्यांना वेळीच दुसरे औषध देता येते. हीच गोळी २०२१ साली करोनाच्या सौम्य रुग्णांसाठी पुन्हा पुढे आली, तेव्हा मला हा निष्कर्ष आठवल्यावाचून राहिला नाही.

मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारिजातकावर केलेले काम मला अधिक आशादायक वाटते. वैद्यांच्या प्रत्यक्ष वापरापासून आरंभ करावा आणि मग प्रयोगशाळेकडे जावे, असा त्यांचा उलट्या दिशेचा मार्ग. पारिजातकाच्या पाच ताज्या पानांचा कल्क दिवसातून तीन वेळा. १२० रुग्णांपैकी ९२ जणांचा ताप आणि परजीवी दोन्ही सात दिवसांत गेले, असे २००८ च्या निवेदनात आहे. तीव्र लागण असलेल्या आठ जणांना गुण आला नाही. हे आकडे लपवले नाहीत, म्हणून त्या कामाबद्दल मला आदर आहे. येथेही तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. कोणीतरी ही परीक्षा शेजारच्या गटासह पुन्हा करावयास हवी, आणि लवकर. कारण आर्टेमिसिनिनला दाद न देणारे परजीवी प्रथम कंबोडियाच्या बाजूला आणि आता आफ्रिकेतही दिसू लागले आहेत. पुढचे औषध कोठल्या तरी कुंपणावरच उभे असेल, अशी माझी समजूत आहे.

१९९७ च्या ऑगस्टमध्ये रॉस यांच्या शोधाची शताब्दी झाली तेव्हा जगभरचे हिवतापतज्ज्ञ हैदराबादेत जमले होते. मी बेगमपेठच्या त्या जुन्या इमारतीत गेलो, शेजारच्या विमानतळावरून तेव्हा विमाने उडत. सर त्याआधीच गेले होते. आजी तर कितीतरी आधी. शेवटपर्यंत ती भावाला सांगत असे की तुला माझ्या काढ्याने उठवला, मास्तरांच्या गोळ्यांनी नाही. भाऊ दोघांनाही दुजोरा देई.

तो आलेखाचा कागद मात्र आईने देव्हाऱ्याच्या खणात ठेवला होता आणि तिच्या मागे तो माझ्याकडे आला. पेन्सिलीच्या खुणा पुसट झाल्या आहेत, पण मोजता येतात. चार वर, मधल्या दिवशी खाली. शुक्रवारच्या खुणेजवळ सरांच्या अक्षरात 'काढा' असे लिहिले आहे, आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह.